गेट मारणारा मोठा की मागून येऊन ओलांडणारा? आयव्हन मेजरच्या निमित्ताने

चाकोरी
स्पीडवेवर इथे आधीचा धागा सापडला नाही, म्हणून काढतोय. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार रायडर, चार चकरा, घड्याळाच्या उलट दिशेने, मोकळ्या मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर. सुटतात ते 'गेट'वरून, समोरची आडवी टेप वर उडाली की; तिथे सगळ्यांच्या आधी पुढे निघणं म्हणजे गेट मारणं. गाडी ५०० सीसी, एक सिलिंडर, मिथेनॉलवर चालणारी. ब्रेक नाहीत. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला भोपळा. मिनिटाभरात खेळ खल्लास.

विषय आहे न्यूझीलंडचा आयव्हन मेजर (स्पेलिंग बघून मॉगर म्हणावंसं वाटतं, उच्चार मेजर). जन्म १९३९, क्राइस्टचर्च. १९५७ मध्ये, मिसरूड फुटायच्या वयात, इंग्लंडला गेला. विम्बल्डनच्या संघात डाळ शिजली नाही, परतला. १९६३ मध्ये पुन्हा गेला, या खेपेला न्यूकासलला, म्हणजे दुसऱ्या फळीच्या प्रोव्हिन्शियल लीगमध्ये. तिथून पुढे १९६८, ६९ आणि ७० अशी लागोपाठ तीन विश्वविजेतेपदं, मग १९७२, १९७७ आणि १९७९. एकूण सहा. लाँग ट्रॅकची (लांब ट्रॅकवरच्या शर्यतींची) तीन वेगळीच.

एवढं असूनही जुने प्रेक्षक त्याच्याबद्दल बोलताना नाक मुरडतात. म्हणे हा गेटवरून सुटायचा आणि चार चकरा बाकीच्यांना पाठ दाखवायचा, त्यात बघण्यासारखं काय? खरा रायडर म्हणजे इंग्लंडचा पीटर कॉलिन्स किंवा पोलंडचा टोमाश गोलोब, जो मागून येऊन कुंपणाला घासत ओलांडतो.

मला हे पटत नाही. टेप वर उडते त्या क्षणी चौघांना संधी सारखीच असते. तिथे जो रोज पुढे निघतो, त्याचं ते कौशल्यच आहे. तुम्हाला काय वाटतं?

नीरजा_के
वाचतेय. पण आधी एक बाळबोध शंका. ब्रेक नाहीत तर वळतात कसे? आणि थांबतात कसे??

गॅरेजवाला
नीरजाताई, ब्रेक नसणं हीच तिथली सुरक्षितता आहे. पुढच्याने वळणावर कचकन ब्रेक मारला तर मागचे तिघं त्याच्या अंगावर जातील. ब्रेकच नाही म्हटल्यावर सगळ्यांचा वेग सारख्याच रीतीने बदलतो. थांबायचं म्हणजे ॲक्सिलरेटर सोडायचा. इंजिनाचं कॉम्प्रेशन इतकं जास्त असतं की गाडी आपोआप मंदावते.

वळणं हा खरा खेळ. रायडर वळणाआधी मुद्दाम मागच्या चाकाची पकड सोडवतो. चाक बाहेर सरकतं, गाडी आडवी होते, आणि हँडल वळणाच्या उलट दिशेला धरावं लागतं. म्हणजे गाडी डावीकडे चाललीय आणि पुढचं चाक उजवीकडे बघतंय. त्यातही ॲक्सिलरेटर उघडाच. डावा पाय जमिनीवर घासत राहतो, म्हणून त्या बुटाखाली पोलादी पत्रा बांधलेला असतो. किती आडवं व्हायचं ते मनगटावर. थोडा जास्त दिला की गाडी गरकन फिरते, एकदम कमी केला की मागच्या चाकाला अचानक पकड मिळते आणि माणूस उजवीकडून फेकला जातो. दुसरा प्रकार जास्त वाईट.

रायडरच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद. नाहीतर मोकाट गाडी प्रेक्षकांत जायची.

खट्याळ_काका
ब्रेक नाही, गिअर एकच, फक्त डावीकडे वळते. आमच्या ऑफिसातल्या साहेबांचं वर्णन वाचल्यासारखं वाटलं.

मॅंचेस्टरकर
धागाकर्त्याला सलाम, स्पीडवेवर मराठीत काही वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मी मॅंचेस्टरच्या बेल व्ह्यू संघाचा प्रेक्षक. मेजर १९६९ ते ७२ बेल व्ह्यू एसेसकडून धावला, आणि त्यातल्या १९७०, ७१, ७२ अशा सलग तीन वर्षी संघाने ब्रिटिश लीग जिंकली. ते जुनं हाइड रोडचं मैदान १९८७ मध्ये गेलं. आता जवळच नॅशनल स्पीडवे स्टेडियम आहे, २०१६ पासूनचं. स्टँडमध्ये मागच्या रांगांत अजून म्हातारे भेटतात ज्यांनी मेजरला हाइड रोडवर पाहिलंय. हातात प्रोग्रॅमची पुस्तिका, त्यात प्रत्येक हीटचा (म्हणजे एकेका शर्यतीचा) तक्ता, आणि हीट संपली की सगळे एकदम माना खाली घालून पेनाने गुण भरतात. मोबाइलवर निकाल येतो तरी हे चालूच.

अशाच एका आजोबांना मी हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, मेजर आमचा होता तेव्हा गेट मारणं फार सुंदर दिसायचं. तो एक्झेटरला गेल्यावर कंटाळवाणं वाटायला लागलं.

चाकोरी
@मॅंचेस्टरकर, हाहा, यातच सगळं आलं. आणि एक्झेटरनेही तो असताना १९७४ ची लीग जिंकली. ज्या संघात जाईल तिथे हाच प्रकार.

पायवाट
चर्चा छान चाललीय, पण मी विरोधी बाकावर बसतो.

१९७३ ची फायनल घ्या. पोलंडमध्ये खोझुफचं सायलेशियन स्टेडियम, एक लाखाहून जास्त लोक. रात्रीअखेर मेजर आणि पोलंडचा येझी श्चाकेल यांचे गुण सारखे. मग दोघांचीच निर्णायक शर्यत. श्चाकेल गेटवरून पुढे निघाला. आता मेजरला ते करायची वेळ आली जे तो सहसा करत नसे, म्हणजे ओलांडणं. आत घुसायला गेला आणि पडला. श्चाकेल एकटाच चकरा पूर्ण करून विश्वविजेता झाला, पोलंडचा पहिला.

सहा वेळा जगज्जेता होऊ शकणारा माणूस एका गेटमध्ये मागे पडला तर त्याच्याकडे दुसरा डाव नव्हता. गोलोबला ही अडचण कधीच आली नाही. बिडगोश्चला, घरच्या ट्रॅकवर, तो शेवटून सुरुवात करायचा आणि दुसऱ्या चकरेत पहिला असायचा.

गॅरेजवाला
पायवाट, एका पडण्यावरून माणसाचं प्रमाणपत्र लिहू नका. आदल्याच वर्षी, १९७२ ला वेम्बलीत, मेजर आणि स्वीडनचा बर्न्ट पर्सन १३-१३ गुणांवर अडकले होते. तिथेही निर्णायक शर्यत झाली आणि मेजर जिंकला. त्याच रात्री बॅरी ब्रिग्जच्या डाव्या हाताचं बोट गेलं, अपघातात. मागून येऊन ओलांडणाऱ्यांच्या गर्दीत काय होतं त्याचा हा नमुना. पुढे राहणं म्हणजे नुसतं जिंकणं नाही, शाबूत घरी जाणंही आहे.

पायवाट
विमा एजंटसारखं बोलताय.

गॅरेजवाला
असेन. १९७९ ला चाळिशीला महिना राहिला असताना खोझुफलाच, त्याच मैदानावर, सहावं विजेतेपद घेतलं मेजरने. हा हप्ता भरल्याचा फायदा.

अनामिक_सखी
क्राइस्टचर्चच्या पाण्यात काय आहे हे कुणी सांगेल का? रॉनी मूर (१९५४, १९५९), बॅरी ब्रिग्ज (१९५७, ५८, ६४, ६६) आणि हा मेजर. तिघं मिळून बारा विजेतेपदं, एकाच गावची पोरं (मूरचा जन्म टास्मानियातला, पण वाढला क्राइस्टचर्चलाच). एवढ्याशा देशातल्या एका शहरातून!

मॅंचेस्टरकर
@अनामिक_सखी, पाणी नव्हे, एकमेकांकडे बघून. मूर आधी इंग्लंडला गेला, विम्बल्डनला नाव काढलं. ब्रिग्ज त्याच्या मागोमाग विम्बल्डनलाच. म्हणून मेजरही १९५७ ला तिकडेच गेला. आधीचे दोघं तिथे तारे झालेले, यालाही वाटलं असणार आपलं जमेल. नाही जमलं. मला वाटतं त्या अपयशाने माणूस घडला. पुढे त्याच्या गाड्या, कातडी सूट, सामान सगळं इतकं चकाचक असायचं की बाकीच्यांना न्यूनगंड यावा. त्या काळात अनेक रायडर आठवडाभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी शर्यतीला येत. याने मात्र हाच आपला धंदा असं पक्कं केलेलं.

खट्याळ_काका
रच्याकने, सोन्याच्या गाडीबद्दल कुणी काहीच कसं बोलत नाही?

चाकोरी
काका, बरी आठवण. १९७० च्या फायनलआधी दोन अमेरिकन चाहत्यांनी पैज लावल्यासारखं कबूल केलं होतं की, लागोपाठ तिसरं विजेतेपद घेतलंस तर तुझी गाडी सोन्याने मढवून देऊ. फायनल पोलंडमध्ये, व्रोत्सवाफला. त्याआधी पोलंडच्या मातीवर पोलिश रायडरना हरवणं म्हणजे महाकठीण. मेजरने पाचही शर्यती जिंकल्या, १५ पैकी १५. दुसरा आणि तिसरा दोघंही पोलिश. अमेरिकनांनी शब्द पाळला. ती सोन्याचा मुलामा दिलेली गाडी नंतर क्राइस्टचर्चच्या कॅंटरबरी म्युझियममध्ये ठेवली गेली.

नीरजा_के
सोन्याची गाडी! आणि ब्रेक तरीही नाहीत 😀

तोरूनवासी
उशिरा आलो, पण माझ्याच अंगणातला विषय आहे. मी पोलंडमध्ये तोरूनला राहतो.

इथे स्पीडवेचं वेड बाकी जगाला सांगून खरं वाटत नाही. लीगच्या सामन्याला अख्खी कुटुंबं येतात, आज्ज्या सुद्धा गळ्यात संघाचा मफलर घालून. आमच्या स्टेडियमचं नाव मोटोअरेना, आणि ते ज्या रस्त्यावर आहे त्याला पेर यॉन्सनचं नाव दिलंय. यॉन्सन स्वीडिश, १९९० चा विश्वविजेता, तोरूनकडून धावायचा. १९९४ मध्ये इथल्या लीगमध्ये पडला आणि कमरेखाली लुळा झाला. परक्या देशाच्या रायडरचं नाव गावाने रस्त्याला दिलं, यावरून काय ते समजा.

आता मूळ प्रश्न. पायवाट यांनी गोलोबचं नाव घेतलंय म्हणून सांगतो. गोलोब पोलंडमध्ये देव आहे हे खरं. पण श्चाकेलनंतर पोलंडला दुसरा विश्वविजेता मिळायला ३७ वर्षं लागली, आणि तो गोलोब, २०१० मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी. दोनदा दुसरा आला, १९९९ ला तर विजेतेपद हातातोंडाशी आलं होतं आणि मोसमाच्या शेवटी जखमी झाला. त्या सगळ्या वर्षांत त्याच्याइतकं देखणं कुणी धावत नव्हतं. मग विजेतेपदं एकच का? कारण गेटवर तो साधारणच होता. प्रत्येक शर्यतीत मागून यायचं म्हणजे प्रत्येक शर्यतीत नशिबाची परीक्षा.

(त्याचा शेवटही वाईट. २०१७ मध्ये मोटोक्रॉस करताना पडला, मणक्याला इजा. व्हीलचेअरवर आहे.)

पायवाट
तोरूनवासी, तुमचा प्रतिसाद माझ्या विरोधात जाऊनही आवडला. पण तुम्हीच म्हणताय 'देव'. मेजरला देव कोण म्हणतं?

तोरूनवासी
न्यूझीलंडचे म्हणत असतील की. मी तिकडे राहत नाही.

रेडिओ_मिरची_नाही
इंग्लंडमध्ये एका ट्रेनिंग डेला मी ही गाडी चालवलीय, म्हणून चार शब्द. चालवलीय म्हणजे सरळ रेषेत नेलीय.

गेटवर उभं राहणं हेच आधी अवघड. सुरू होताना गाडी हातात थरथरत असते, अक्षरशः दात वाजतात. क्लच डाव्या हातात दाबून धरायचा, उजव्या हाताने ॲक्सिलरेटर उघडायचा, अंगाचा सगळा भार पुढे हँडलवर टाकायचा, नाहीतर पुढचं चाक आकाशात. क्लच सोडला की मागच्या चाकाला पकड कमी मिळाली तर ते जागच्या जागी भिरभिरतं, जास्त मिळाली तर गाडी उभी राहते. या दोन्हींच्या मधलं अंतर केसाएवढं. मला त्या केसाचं एकही टोक सापडलं नाही.

शिकवणारा म्हणाला, अनुभवी रायडर टेपकडे बघत नाही, टेप जिथून सुटते तिथल्या यंत्रणेकडे बघतो. आणि सुरुवातीआधी बुटाने माती उकरून मागच्या चाकासाठी चर करतो, ते तिथे 'गार्डनिंग' म्हणून ओळखलं जातं. दोन मिनिटांच्या मुदतीत हे सगळं. घाई करून टेपला हात लागला की हीटमधून बाहेर, किंवा ब्रिटिश लीगमध्ये १५ मीटर मागून सुटायचं.

तर 'फक्त गेट मारतो' हे वाक्य मी तरी आता उच्चारणार नाही.

नीरजा_के
हे वाचून हात दुखले.

गॅरेजवाला
@रेडिओ_मिरची_नाही +१. भारी प्रतिसाद. त्यात एक भर. गेट मारण्याचा फायदा पहिल्या वळणावर कळतो. पुढचा सोडून बाकी तिघांच्या तोंडावर मातीचा फवारा येतो. गॉगलवर एकावर एक पारदर्शक पट्ट्या लावलेल्या असतात. चिखलाने दिसेनासं झालं की वरची पट्टी ओढून फेकायची, खाली दुसरी. पण ओढायला एक हात सोडावा लागतो, ११० किमीच्या वेगात, ब्रेक नसलेल्या गाडीवर. मागून येणाऱ्याला हे सगळं करून शिवाय ओलांडायचंही असतं.

पण पायवाट यांच्यासाठी एक सांगतो, आंधळा विरोध नको. ओलांडणं हे नुसतं धाडस नाही, त्यात वाचन आहे. प्रत्येक हीटला मोकळी माती बाहेरच्या बाजूला फेकली जाते आणि कुंपणाजवळ साचते. आतली रेघ गुळगुळीत होते, तिथे चाक घसरतं. रात्र चढत जाते तशी पकड ट्रॅकवर जागा बदलते. मध्ये ट्रॅक्टर माती परत ओढतो, पाण्याची गाडी पाणी मारते, की पुन्हा चित्र बदललं. गोलोब, कॉलिन्स हे कुंपणाला लागून जायचे ते दाखवायला नाही, पकड तिथे असायची म्हणून.

स्वीडन_स्थित
रिकार्डसनचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. टोनी रिकार्डसन, स्वीडन. विजेतेपदं सहा, मेजरइतकीच: १९९४, ९८, ९९, २००१, ०२, ०५. आणि २००५ मध्ये कार्डिफला त्याने हवा भरलेल्या कुंपणावर चढवून गाडी नेली होती, ती फीत एकदा बघा. गेटही मारायचा, ओलांडायचाही.

मुख्य मुद्दा वेगळा. मेजरच्या काळात विश्वविजेता एका रात्रीत ठरायचा. १६ रायडर, २० हीट, प्रत्येकाच्या पाच शर्यती, आणि वेळापत्रक असं की प्रत्येक रायडर बाकी पंधरांना बरोबर एकदा भेटतो. काय सुंदर गणित आहे! पण एक टेप चुकली, एक साखळी तुटली, की वर्ष गेलं. १९९५ पासून ग्रांप्री, म्हणजे मोसमभर बऱ्याच फेऱ्या, गुणांची बेरीज. हे दोन खेळच वेगळे. रिकार्डसन दोन्हींत जिंकला: १९९४ ची शेवटची एका रात्रीची फायनल, डेन्मार्कला वॉयन्समध्ये, तिघांचे गुण सारखे होऊन निर्णायक शर्यत झाली होती. नंतरची पाच ग्रांप्रीतली. माझ्या मते दोन्ही जमलेला तो एकमेव, म्हणून थोर तोच.

मॅंचेस्टरकर
एकमेव नाही हो. हान्स नील्सन! १९८६, ८७, ८९ जुन्या पद्धतीच्या फायनल, आणि १९९५ ची पहिलीच ग्रांप्री मालिका त्याचीच. वॉयन्सच्या त्या निर्णायक शर्यतीतला दुसरा माणूसही तोच होता, तिसरा क्रेग बॉइस.

स्वीडन_स्थित
डॅनिश माणसाचं नाव मी स्वखुशीने घेणार नव्हतो 😛

पायवाट
ग्रांप्रीवाल्यांनी २००० सालचा मार्क लोरम आठवावा. इंग्लंडचा. मोसमात एकही ग्रांप्री न जिंकता विश्वविजेता झाला! आणि तो काही गेटवाला नव्हता, मागून येणाऱ्यांतलाच. तेव्हा मोसमभराच्या बेरजेत ओलांडणाऱ्यालाही न्याय मिळतो. मेजर ग्रांप्रीत असता तर सहा झाली असती का, मला शंका आहे.

चाकोरी
पायवाट, मेजर ग्रांप्रीत असता तर सहापेक्षा जास्त झाली असती, असं मी म्हणेन. बघा ना, १९७१, ७३, ७४ तिन्ही वेळा तो दुसरा. १९६७ ला तिसरा. एका रात्रीच्या फायनलमध्ये दुसरं येणं म्हणजे एखादी शर्यत चुकणं. मोसमभराच्या हिशेबात असा माणूसच वर राहतो.

वाचनमात्र_आता_लिहितो
बरीच वर्षं इथे फक्त वाचत होतो, या धाग्याने बोलतं केलं.

मेजरबद्दल एक गोष्ट सुटली. १९७१ ला तो गोथेनबर्गला दुसरा आला तेव्हा पहिला कोण होता? डेन्मार्कचा ओल ओल्सन. आणि ओल्सनला घडवला कोणी? मेजरनेच. ओल्सन त्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकायला आला, मग न्यूकासलला त्याच्याच संघात. चार वर्षांत शिष्याने गुरूला जागतिक फायनलमध्ये हरवलं, तेही गेटवरून सुटून. ओल्सन पुढे १९७५ आणि ७८ लाही जिंकला, आणि त्याच्यामुळे डेन्मार्कात या खेळाची लाट आली: गुंडरसन, नील्सन, यान ओ. पेडरसन. मोटारसायकल सोडल्यावर ओल्सनच ग्रांप्रीचा रेस डायरेक्टर होता बरीच वर्षं.

गेट मारणं 'नुसती युक्ती' असती तर ती शिकवता आली नसती आणि शिकवून दुसऱ्या देशाचा सुवर्णकाळ उभा राहिला नसता.

अनामिक_सखी
@वाचनमात्र_आता_लिहितो, लिहीत राहा हो! पुलेशु.

खट्याळ_काका
गुरूने सगळे डाव शिकवले, शेवटचा राखून ठेवायला विसरला.

तोरूनवासी
थोडं अवांतर, पण निवृत्तीवर. ब्रूस पेनहॉल बघा, अमेरिकन. १९८१ ला वेम्बलीत जिंकला, १९८२ ला लॉस एंजेलिसमध्ये जिंकला, आणि विजेत्याच्या चौथऱ्यावर उभं राहून निवृत्ती जाहीर केली. वय २५! टीव्ही मालिकेत काम करायला गेला. त्याच रात्री केनी कार्टरबरोबरची त्याची झटापट आणि कार्टरला बाद करणं यावर इंग्लंडमध्ये अजून भांडतात म्हणे.

दुसऱ्या टोकाला ग्रेग हॅनकॉक. पहिलं विजेतेपद १९९७, शेवटचं २०१६ ला वयाच्या ४६ व्या वर्षी. २०२० मध्ये हेल्मेट ठेवलं. कधी सोडायचं याचं उत्तर दोघांचं दोन टोकांना.

मॅंचेस्टरकर
@तोरूनवासी, कार्टर-पेनहॉल विषय इथे काढू नका, धागा शंभरी गाठेल आणि संपादक कुलूप लावतील.

गॅरेजवाला
निवृत्तीचं बोलणं निघालंय म्हणून. बऱ्याच जणांना ती निवडता आलीच नाही. एरिक गुंडरसन तीन वेळचा विश्वविजेता, १९८९ ला ब्रॅडफर्डला वर्ल्ड टीम कपमध्ये पडला आणि कारकीर्द तिथेच संपली. पीटर क्रेव्हन, १९५५ आणि ६२ चा विजेता, १९६३ ला एडिंबराला पडलेल्या रायडरला चुकवताना कुंपणावर आदळला, चार दिवसांनी गेला. मेजर चाळिशीपर्यंत धावून, ब्रिग्जबरोबर जगभर प्रदर्शनी शर्यतींची टोळी घेऊन फिरून, आपल्या मर्जीने थांबला. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात, गोल्ड कोस्टला, ७८ व्या वर्षी वारला. या खेळात हा मोठा आकडा आहे.

पायवाट
गॅरेजवाल्यांचा विम्याचा मुद्दा फिरून फिरून तिथेच येतो.

बरं, मी थोडं मागे सरतो, पण पूर्ण नाही. मेजर सर्वांत यशस्वी होता हे कबूल (सध्या रिकार्डसन आणि पोलंडचा झ्मार्झलिक त्याच पायरीवर, सहा-सहा). सगळ्यात हुशार होता हेही मान्य. पण तिकीट काढून मला एका रात्रीसाठी एकच रायडर बघायचा असेल तर मी कॉलिन्स म्हणेन. १९७७ ला गोथेनबर्गच्या धो धो पावसात मेजर जिंकला तेव्हा दुसरा आलेला कॉलिन्स काही दिवसांपूर्वी मोडलेल्या पायाने धावत होता. मोडका पाय! त्या ट्रॅकवर! यशाचा तक्ता ते सांगत नाही.

चाकोरी
पायवाट, ते मलाही मान्य. पण कॉलिन्स १९७६ ला जिंकला तेव्हा वेस्लेकच्या चार व्हॉल्व्हच्या इंजिनाचाही त्यात वाटा होता, आणि त्या मोसमात गेटवर तीच इंजिनं पुढे पळत होती. म्हणजे पुन्हा गेटच.

पायवाट
तुम्ही प्रत्येक रस्ता गेटवरच आणून सोडता. मेजरचेच चेले.

स्वीडन_स्थित
झ्मार्झलिकचं नाव आलंच आहे तर, त्याला आत्ताच्या पिढीत कोणत्या रकान्यात घालणार? २०१९, २०, २२, २३, २४ आणि २५. गेटवर कधी कधी चुकतो, मग पहिल्याच चकरेत दोघांच्या मधून निघतो. मला तो ना मेजर वाटतो ना गोलोब. तोरूनवासी, तुम्ही तर त्याला दर मोसमात बघत असणार.

तोरूनवासी
बघतो. तो आमच्याविरुद्ध धावतो तेव्हा मला त्याचं कौशल्य अजिबात दिसत नाही.

एक मात्र सांगतो. तो गेटवर मागे राहिला की स्टेडियममध्ये एक विचित्र आवाज येतो. त्याच्या बाजूचे लोक खूश होतात! कारण आता तो काहीतरी करणार. मेजर गेटवर मागे राहिला तर त्याच्या चाहत्यांना काय वाटत असेल?

मॅंचेस्टरकर
@तोरूनवासी, त्या आजोबांना पुन्हा भेटलो की विचारतो. ते म्हणतील, कधी राहिला?

नीरजा_के
मला आता एकच सांगा. पूर्ण रात्रीची एखादी फायनल बघायची असेल तर कुठली बघू? मला खेळ आजच कळलाय, त्यामुळे सोपी सांगा.

गॅरेजवाला
१९७३ खोझुफ. निर्णायक शर्यत बघा, गर्दी बघा. पायवाट यांच्याकडून बघा की आमच्याकडून, तुमची मर्जी.

पायवाट
१९७३ ला माझाही पाठिंबा. हेल्मेटवरच्या टोप्यांचे रंग आधी लक्षात घ्या, नाहीतर चौघांत कोण कुठे ते शेवटपर्यंत कळणार नाही.